साडेपाचातला तो अर्धा तास

"सेशन १४:०० यूटीसी ला आहे" असा मेसेज ग्रुपवर पडला की पुढं काय होणार ते ठरलेलंच असतंय, कोण म्हणतं संध्याकाळी साडेसात, कोण म्हणतं साडेआठ, आणि मग एखादा शहाणा गुगल करून स्क्रीनशॉट टाकतो. उत्तर साडेसातच. यूटीसी म्हणजे सगळ्या जगानं धरलेली एक सामायिक वेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे की आपली वेळ, आपल्या वेळेतून साडेपाच वजा केले की यूटीसी, एवढंच गणित आहे. गोची होते ती तारखेला, कारण यूटीसीत १८:३० वाजले की आपल्याकडं पुढची तारीख लागलेली असते. फॉर्मची शेवटची मुदत १५ तारीख २३:५९ यूटीसी अशी असेल तर ती आपली १६ तारखेची पहाटे ५:२९ झाली, म्हणजे रात्रभर जागून भरायला अजून वेळ आहे, आणि बरीच मंडळी १५ तारखेलाच हातपाय गाळून बसतात. काट्याचं घड्याळ उलटं धरून यूटीसी वाचायची ट्रिकही चालते, मिनिटकाटा बरोबर येतो, तासकाटा मात्र अर्धा तास मागं दाखवतो तेवढं डोक्यात ठेवायचं.

पण हा अर्धा तास आला कुठून? पाकिस्तान सरळ पाच तास पुढं, बांगलादेश सरळ सहा, (नेपाळचं सोडा, त्यांचं पावणेसहा आहे, १९८६ पासून), आणि आपलंच असं मधेच अडकलेलं. यातली गंमत सोलापूरकरांना जास्त कळावी, कारण तो अर्धा तास मुळात आपला नाहीच. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. सोलापूर साधारण ७५.९ पूर्व रेखांशावर आहे, गुणाकार केला तर ५ तास ३ मिनिटं ३६ सेकंद येतात. म्हणजे सूर्याला विचारलं तर सोलापूर जवळजवळ यूटीसी अधिक पाचवर बसलेलं गाव आहे, वरची साडेतीन मिनिटं चिल्लर. घड्याळात मात्र आपण साडेपाच लावतो, त्यामुळं आपलं घड्याळ आपल्याच सूर्यापेक्षा २६ मिनिटं पुढं पळतं. पटत नसेल तर मे महिन्यात दहा-अकरा तारखेच्या आसपास शून्य सावलीच्या दिवशी (सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो तो दिवस) गच्चीवर एक पाइप उभा करून बघा, सावली बाराला गायब होत नाही, १२:२२ च्या पुढं होते. फेब्रुवारीच्या मध्याला तर सूर्य दिवसातला सगळ्यात उंच यायला १२:४० वाजतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० ला येतो, कारण सूर्यही वर्षभर घड्याळासारखा एकसारखा चालत नाही.

आता अजून मागं जाऊ. आपल्या जुन्या ज्योतिषांना, म्हणजे सूर्यसिद्धांत वगैरे लिहिणाऱ्या गणिती लोकांना, हा प्रश्न नवा नव्हता. त्यांची शून्य रेखा, म्हणजे जिथून रेखांश मोजायला सुरुवात होते ती रेषा, लंडनच्या ग्रीनिचमधून नाही तर लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी जायची, आणि त्या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला तुमचं गाव किती आहे त्यावरून ग्रहांच्या गणितात दुरुस्ती करायची, तिला देशांतर संस्कार म्हणायचे. आज आपण यूटीसीचं जे करतो तेच की. आणि उज्जैन आहे ७५.८ च्या जरा अलीकडं! सोलापूर आणि उज्जैनच्या सूर्यात जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक, म्हणजे त्या हिशोबात सोलापूरला दुरुस्ती जवळपास शून्य होती. ग्रीनिचच्या जागी उज्जैन टिकलं असतं तर आपण आज गणित न करता मोकळे झालो असतो, असो.

रोजच्या व्यवहाराला मात्र एवढं गणित कुणाला लागत नव्हतं. घटका-पळं होती, दिवसाच्या साठ घटका, एक घटका २४ मिनिटांची, आणि प्रत्येक गावाचा मध्यान्ह त्या गावाचा. मुंबईपेक्षा सोलापूर साडेबारा मिनिटं पुढं होतं आणि मद्रासपेक्षा सतरा-साडेसतरा मिनिटं मागं, पण बैलगाडीनं जाणाऱ्याला त्याचा काय फरक पडणार होता.

फरक पाडला रेल्वेनं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबईहून निघालेली लाइन १८६० मध्ये सोलापूरला आली आणि पुढं १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासच्या लाइनला मिळाली. आता बघा, एका टोकाला मुंबई टाइम, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं, दुसऱ्या टोकाला मद्रास टाइम, ५ तास २१ मिनिटं पुढं, तिकडं कलकत्त्याचं तिसरंच, ५ तास ५३ मिनिटं. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर सोडायच्या आणि दोन स्टेशनमास्तरांच्या घड्याळात अर्ध्या तासाचा फरक, म्हणजे चहा प्यायला बसलेल्याचीसुद्धा झोप उडेल. म्हणून मग १८७० च्या सुमारास रेल्वेनं मद्रास टाइम सगळीकडं धरला. मद्रासच का, तर तिथं १७९२ ची वेधशाळा होती, तिथून तारायंत्रानं वेळ कळवता यायची, आणि मुंबई-कलकत्त्याच्या भांडणात तो मधला पर्याय पण होता. तेव्हापासून स्टेशनच्या आत एक वेळ आणि बाहेर गावात दुसरी. सूर्याच्या हिशोबानं धरलं तर सोलापूरात तो फरक सतरा मिनिटांचा, गाडी चुकायला तेवढी पुरतात.

मुंबईकरांना हे मद्रासचं कौतुक पटलं नाहीच. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कारभाराला मद्रास टाइम लावायचा प्रयत्न केला, एवढा विरोध झाला की दोन वर्षांत गुंडाळावा लागला. तिकडं १८८४ ला वॉशिंग्टनमध्ये २५ देशांची परिषद भरली आणि ग्रीनिच ही शून्य रेखा ठरली. मग इथल्या सरकारनंही ग्रीनिचशी जुळेल अशी एकच वेळ हवी म्हणून ८२.५ पूर्व रेखांश निवडला, जो उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जातो. ८२.५ गुणिले चार, ३३० मिनिटं, साडेपाच तास. तर हा तो अर्धा तास! पाच घेतले असते तर कलकत्त्याचा सूर्य फारच लवकर उगवला-मावळला असता, सहा घेतले असते तर मुंबई-कराचीची बोंब, दोन झोन केले तर रेल्वेची डोकेदुखी परत तशीच, म्हणून मधोमध कापला. माझ्या मते वाईट तडजोड नव्हती, पण तडजोडच होती, आणि तिचा बोजा पश्चिमेकडच्या लोकांनी २६ मिनिटं, ३९ मिनिटं असा उचलला.

१ जानेवारी १९०६ ला ही स्टँडर्ड वेळ लागू झाली. मुंबईत त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी दगडफेक केली, त्यांच्या बाजूनं बघा की, घड्याळ ३९ मिनिटं पुढं केलं म्हणजे थंडीत तेवढं आधी अंधारात उठून पाळीला जायचं, पगार तोच. महापालिकेनंही जुनाच टाइम धरून ठेवला आणि मुंबई टाइम पार १९५५ पर्यंत चालला, कलकत्त्यानं १९४८ लाच सोडला होता. सोलापूर पण गिरणीचंच गाव, जुनी मिल १८७७ पासूनची, आणि इथं घरात घड्याळ नसलेल्यांची वेळ भोंग्यावर चालायची. भोंगा ज्या टाइमावर वाजेल तो टाइम खरा, मिर्झापूर कुठं आहे ते कुणाला माहीत असायची गरज नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात अजून एक प्रकार झाला, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचं घड्याळ अजून एक तास पुढं होतं, ग्रीनिच अधिक साडेसहा. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका करताना जाणकार माणूस आधी तो एक तास वजा करतो, मग गावाची स्थानिक वेळ काढतो, सोलापूरचा जन्म असेल तर अजून २६ मिनिटं वजा. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, त्यामुळं हे वेळेचं गणित येणारी माणसं या गावाला नवीन नाहीत. पत्रिकेवर विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, टाइम झोन कन्व्हर्जन मात्र ते लोक आपल्या आधीपासून करतायत.

आता यूटीसी. ही ग्रीनिच वेळेचीच पुढची आवृत्ती, फक्त ती सूर्यावरून नाही तर अणुघड्याळांवरून चालते, १९६० पासून तयारी आणि आजच्या रूपात १९७२ पासून. पृथ्वीचं फिरणं थोडं अनियमित म्हणून अधूनमधून एक लीप सेकंद घालतात, आतापर्यंत २७ घातले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. तो यूटीसीत मध्यरात्रीचा, आपल्याकडं १ जानेवारी २०१७ ची पहाट, ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आणि मग साडेपाच. २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करायचं ठरलंय. भारताची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली सिझियम घड्याळं सांभाळतात.

यूटीसी आपल्या आयुष्यात आहे पण दिसत नाही. जूनमध्ये पेपरात "सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत इतका पाऊस" असं येतं, ते साडेआठ का, तर ते ०३:०० यूटीसी आहेत, हवामान खात्याचे लोक त्या वेळेला मोजतात. बऱ्याच कॉम्प्युटरांचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या ००:०० यूटीसी पासून सेकंद मोजतं, म्हणून बिघडलेल्या फाइलची तारीख कधीकधी १९७० ची सकाळी ५:३० दिसते.

आणि जुन्या तारखा सॉफ्टवेअरला देणाऱ्यांनी जरा जपून. फोनमधला आपला झोन "एशिया/कोलकाता" नावाचा आहे, त्यात सगळा इतिहास कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या हिशोबानं भरलाय. १८७० ते १९०५ मधली तारीख टाकली की फरक ५:२१:१० निघतो, म्हणजे मद्रास टाइम. सोलापूरच्या स्टेशनवरची नोंद असेल तर चालेल. गावातली नोंद असेल तर ५:०३:३६ हातानं टाका.