देवाचा एक दिवस म्हणजे आपली हजार वर्षं?

एक फॉरवर्ड फिरतो: ‘अल्लाहचा एक दिवस म्हणजे आपली 1000 वर्षं, म्हणजे माणसाचं 70 वर्षांचं आयुष्य तिथे पावणेदोन तासांत संपतं.’ गणित बरोबर आहे, गृहीतक नाही.

कुराणाचा कोणताही अनुवाद उघडून तीन आयती (वचनं) शेजारी ठेवा. 22:47 (म्हणजे 22व्या अध्यायातली 47वी आयत) आणि 32:5 मध्ये हजार वर्षं आहेत, पण 70:4 मध्ये पन्नास हजार. हा दर धरला तर तेच आयुष्य दोन मिनिटांचं होतं! विनिमयाचा एकच ठरलेला दर असता, तर हा पन्नास पट फरक पडला नसता. शिवाय 22:47 च्या आधीचे शब्दही वाचा: शिक्षा लवकर आणा म्हणणाऱ्यांना दिलेलं ते उत्तर आहे. फॉरवर्डमध्ये नेमका हाच भाग गळतो.

अशअरी धर्मशास्त्रात (ही सुन्नी इस्लाममधली एक प्रमुख विचारपरंपरा) तर काळ हीसुद्धा देवाची निर्मितीच आहे. मग निर्मात्याचं घड्याळ संथ चालतं असं म्हणणंही त्याला काळात बसवणंच. अरिस्टॉटलच्या वाटेने गेलेल्या मुस्लिम तत्त्वज्ञांच्या मते काळ म्हणजे गतीचं माप. देवात बदल नाही, म्हणून त्याला ते माप लागत नाही. देवाची कृत्यं एकामागून एक घडतात असं मानणारेही विचारवंत झाले. मतभेद खरा तिथे आहे.