सात हजारांसाठी गहाण पडलेलं घर

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत पहाटे डोकावलं तर आखाड्यात घुमणाऱ्या पोरांपैकी बरीच कॉलेजात नाव घातलेली असतात. दुपारी तालमीतच स्टोव्ह पेटवून ती आपलं जेवण रांधतात. दूध, तूप, बदाम, थंडाई हा सगळा खुराक एकट्या शेतकरी बापाला झेपत नाही. मग मामा तुपाचा डबा एसटीने धाडतो, गावातलं कुणी महिन्याच्या दुधाचा भार उचलतं. जत्रेच्या मैदानात कुस्ती मारली की पोरगा लंगोटावरच गर्दीतून फिरतो आणि लोक त्याच्या हातात दहा-वीस-पन्नासाच्या नोटा ठेवतात. त्यात पुढच्या महिन्याचे बदाम येतात.

या रीतीला राजाश्रयाचं मूळ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना दरबारातून पोसलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. याच राजाने खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी जातीजातींची वसतिगृहंही काढली. शिकणारं पोर असो की कुस्ती खेळणारं, त्याच्या पोटाची काळजी गावाने वाहायची, हे कोल्हापूरच्या अंगवळणी पडलं ते तेव्हापासून.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच वातावरणात राजाराम कॉलेजात आले. अंगकाठी लहान, उंची बेताची. पण चपळाई अशी की समोरचा सावध होण्याआधी डाव बसलेला असे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. जन्म मातीतल्या कुस्तीत गेलेला, मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे. तरी फ्लायवेट या सगळ्यात हलक्या वजनगटात ते सहावे आले.

पुढच्या वर्षी चित्र पालटलं. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण पैलवानाच्या बाजूने पाहिलं तर जुना आधार गेला आणि त्या जागी नवा उभा राहिला नव्हता. खेळाडूला परदेशी पाठवणं हे आपलं काम आहे, असं सरकारला अजून वाटायचं होतं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबांनी सरकारदरबारी हेलपाटे घातले. हाती पडलं ते तोकडंच.

मग गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तीही पुरेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात सात हजार ही मास्तराच्या आयुष्याची पुंजी. विद्यार्थ्यासाठी कुणी एवढं करतं हे वाचताना आजही माझा गळा दाटून येतो. पण दुसरी बाजूही दिसते. मॅटवर उतरताना त्या पोराच्या पाठीवर गुरूचं घर होतं, गावाची वर्गणी होती. हरून परत येण्याची मोकळीक त्याला उरली नव्हती.

हेलसिंकीत बँटमवेट या त्याच्या वरच्या वजनगटात खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली झुंज हरले आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. वर्गणीने तिकीट काढता आलं, पण मॅटच्या कडेला आपलं माणूस उभं करणं वर्गणीच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते काम व्यवस्थेचं.

२३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांना ते पदक आपल्या घरातलं वाटत होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

पण लोकांचं प्रेम मिरवणुकीपर्यंत पुरतं, नोकरी-पेन्शनपर्यंत पोचत नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. आता केंद्राच्या योजना आहेत, विद्यापीठांच्या खेलो इंडिया स्पर्धा आहेत, वरच्या फळीतल्या खेळाडूंना दरमहा भत्ताही मिळतो. तालमीत स्टोव्ह पेटवणाऱ्या पोरापर्यंत त्यातलं फार थोडं येतं. त्याचा भरवसा अजून मामाच्या डब्यावरच.

हेलसिंकीहून आल्यावर खाशाबांनी आधी काय केलं, तर कुस्त्यांची मैदानं भरवली. स्वतः लंगोट लावून उतरले, कुस्त्या मारल्या आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.