ट्रिग आणि एको: शेजारी बसलेल्या, पण उलट कामाच्या दोन पिना

एचसी-एसआर०४ या, आवाज सोडून वस्तूचं अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरला चार पिना असतात. कडेच्या व्हीसीसी (वीज देणारी पिन) आणि ग्राउंडबद्दल सहसा कुणाला शंका नसते. गोंधळ उडतो तो मधल्या दोघींचा, ट्रिग आणि एकोचा. त्यात समोरच्या दोन गोल डब्यांवर 'टी' आणि 'आर' छापलेलं असतं, म्हणून टी म्हणजे ट्रिग आणि आर म्हणजे एको अशी अनेकांची समजूत होते. तसं नाही. एक डबा आवाज सोडतो, दुसरा ऐकतो, पण पिना त्यांना थेट जोडलेल्या नसतात. मध्ये मॉड्यूलचं, म्हणजे या सेन्सरच्या पट्टीचं, स्वतःचं सर्किट असतं.

ट्रिगवर बोलतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आर्डुइनोसारख्या बोर्डावरची, आपला कोड चालवणारी चिप. ही पिन १० मायक्रोसेकंद हाय (व्होल्टेज चालू; बंद म्हणजे लो) ठेवली की मॉड्यूल ४० किलोहर्ट्झच्या ८ लहरी सोडतं. ट्रिगचं काम तिथेच संपलं.

एकोवर बोलतं मॉड्यूल. लहरी सुटल्या की ते एको हाय करतं आणि आवाज परत आला की लो. नवशिके नेमके इथे फसतात. आवाज परतल्यावर एको हाय होईल असं धरून ते डिजिटलरीडने (पिन आत्ता हाय की लो एवढंच सांगणाऱ्या आज्ञेने) पिन वाचत बसतात. मोजायचं असतं ते एको किती वेळ हाय राहिली हे. समजा ११६० मायक्रोसेकंद आले. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, आणि ही वेळ जाऊन-येऊनची म्हणून निम्मी धरायची. वस्तू जवळपास २० सेंमीवर आहे. सरळ ५८ ने भागलं तरी तेच उत्तर.

तारांची अदलाबदल झाली तर? मॉड्यूलला हुकूम पोचतच नाही. वर बोर्डाचं आउटपुट मॉड्यूलच्या आउटपुटला भिडतं, तेही बरं नाही. आर्डुइनोचं पल्सइन (पिन किती वेळ हाय राहिली ते मोजणारी आज्ञा), वेगळी मुदत दिली नसेल तर, एक सेकंद वाट पाहून ० देतं. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) सेकंदाला एक शून्य रांगत येत असेल तर कोड उसवण्याआधी तारा आणि पॉवर तपासा.

आणखी एक फरक आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर बोर्ड जाऊ शकतो. हे मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतं. ट्रिगला ३.३ व्होल्टचा पल्स बहुधा पुरतो. एको मात्र ५ व्होल्ट बाहेर टाकते. आर्डुइनो उनोला ते चालतं, ईएसपी३२ किंवा पिको या बोर्डांच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या. तिथे एको आणि बोर्डाची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहमचा. पिनेवर सुमारे ३.३ व्होल्टच येतील.

ईएसपी३२ वापरत असाल तर ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिना फक्त इनपुटच्या असतात. तिथे एको खुशाल जोडा. ट्रिग जोडलात तर कोड बिनतक्रार चढेल, सेन्सर मात्र गप्प राहील.