प्रूफ चाचणी (मोठ्या बोअरच्या रायफली)

नव्या बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस मुद्दाम उडवून तिची नळी, चेंबर (काडतूस बसते ती पोकळी) आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) तग धरतात का हे पाहणे, म्हणजे प्रूफ चाचणी. नेम किती अचूक लागतो हा प्रश्न इथे येतच नाही. बंदूक चालवणाऱ्याचा जीव तिच्या पोलादावर सोपवता येईल का, एवढेच ठरवायचे असते.

मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचा आतला व्यास मोठा असलेल्या, रायफलीत हा प्रश्न जास्त गंभीर होतो, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. १२.७ मिमी (पॉइंट फिफ्टी) काडतुसातला दाब साध्या ७.६२ मिमी लष्करी काडतुसापेक्षा जास्त नसतो. दोन्हींत तो साधारण ४,००० बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास राहतो. फरक पडतो तो क्षेत्रफळाने. तोच दाब साधारण पावणेदोन पट व्यासावर पडला, की बोल्टला मागे रेटणारे बल सुमारे तिप्पट होते. गोळीची ऊर्जाही सुमारे पाचपट, म्हणजे १७,००० जूलच्या घरात जाते. त्यामुळे लहान रायफलीची रचना नुसती मोठी करून भागत नाही. बोल्टचे (त्याला जागी अडकवणारे) दाते, त्यांना धरणारा भाग आणि नळीची जाडी यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

घरी बनवलेल्या अशा रायफलींमध्ये सर्वांत गाजलेला नमुना रॉनी बॅरेट यांचा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले हे व्यावसायिक छायाचित्रकार. अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते. १९८२ मध्ये त्यांनी पॉइंट फिफ्टीची खांद्यावरून चालणारी अर्धस्वयंचलित रायफल आखली आणि गॅरेजमध्ये जुळवली. पुढे १९८९ मध्ये स्वीडनच्या लष्कराने त्यांच्या रायफली विकत घेतल्या. या वाटचालीचे कौतुक रास्त आहे, मात्र त्यावरून घरी बनवलेली बंदूक स्वतःच खांद्याला लावून पाहावी असा अर्थ काढणे जिवावर बेतू शकते. शिवाय अनेक देशांत परवान्याशिवाय बंदूक बनवणे हाच मुळात गुन्हा आहे.

चाचणी बनवणाऱ्याने नव्हे तर तिऱ्हाइताने करावी, हा दंडक जुना आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस (अशा चाचण्या करणारी संस्था) १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. बेल्जियममधल्या लिएजची परंपराही सतराव्या शतकातली. १९१४ मध्ये स्थापन झालेली सी.आय.पी. ही आंतरराष्ट्रीय संस्था आज सदस्य देशांसाठी मानके ठरवते. रायफलीसाठी प्रूफ काडतुसाचा दाब कमाल मर्यादेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावा लागतो. अमेरिका या संस्थेची सदस्य नाही. तिथे ही जबाबदारी उत्पादकांवरच असते.

प्रूफ हाऊसमध्ये बंदूक भक्कम आडोशामागे घट्ट बसवतात आणि चाप दुरून ओढतात. काडतुसांचा दाब मोजायला पूर्वी तांब्याची छोटी नळकांडी वापरत: चेंबरच्या बाजूच्या छिद्रातली दट्टी ती चेपायची आणि ती किती आखडली यावरून दाबाचा अंदाज बांधला जायचा. आता हे काम पिझोइलेक्ट्रिक (दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे) संवेदक करतात. खरी परीक्षा बार झाल्यानंतरची. चेंबर फुगला का, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर) वाढली का, बोल्टच्या दात्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली का, हे बारकाईने पाहतात. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावरच्या खुणाही पुष्कळ काही सांगून जातात.

पास झालेल्या बंदुकीवर ठसा उमटवतात. तो त्या क्षणाच्या ताकदीचा दाखला आहे, हजारो बार सोसण्याची हमी नव्हे; धातूचा थकवा एक-दोन बारांत दिसत नाही. नंतर चेंबर कोरला किंवा नळी बदलली, तर जुना ठसा ग्राह्य धरत नाहीत आणि बंदूक पुन्हा प्रूफला पाठवावी लागते.