घरातील जलशेती : लेट्यूस (कोल्हापूर परिसर)

मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यावर, घराच्या आत लेट्यूस पिकवण्याची पद्धत. लेट्यूस ही सूर्यफुलाच्या कुळातली, थंडी मानवणारी पालेभाजी. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्नियातील विल्यम गेरिके यांनी १९३७ साली रूढ केले. मराठीत जलशेती म्हणतात. पंप-पाइपांचे तयार संच मिळतात, पण पहिल्या पिकासाठी हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखली जाणारी बिनपंपाची पद्धत बरी. वीज गेली तरी तिच्यात मुळे सुकत नाहीत.

तत्त्व. डबा सुरुवातीला एकदाच भरतात. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि झाकणाखाली दमट हवेची पोकळी तयार होते. पोकळीतली मुळे प्राणवायू घेतात, खालची मुळे पाणी आणि खत. नवशिक्याचा हात नेमका इथेच चुकतो : पाणी कमी दिसले की तो डबा पुन्हा काठोकाठ भरतो. हवेला सरावलेली मुळे बुडतात आणि भरल्या पाण्यात रोप मान टाकते. भर घालायचीच झाली तर तळाशी तीन-चार सेंटिमीटर पाणी राहील इतकीच घालावी.

हंगाम. लेट्यूसला १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमान आवडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोल्हापुरातला सोपा काळ. दुसरा हंगाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : जुलै-ऑगस्ट. बाहेर झड लागलेली असते, ऊन नसते, उघड्यावरचा पाला कुजतो. पण दिवसाचा पारा उतरलेला असल्याने दिव्याखाली, घरात, पीक चांगले येते. मार्च ते मे मात्र नाद सोडावा. उन्हाळ्यात रोपाला लवकर दांडा फुटतो, पानांत पांढरा चीक वाढून ती कडू होतात. त्याहून वाईट म्हणजे डब्यातले पाणी २५ अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मूळकूज लागते. निरोगी मूळ पांढरे व कडक असते. कुजलेले तपकिरी, बुळबुळीत, ओढले की साल हातात येते आणि आतला दोरा मागे राहतो.

साहित्य. कोकणातून मासळी ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येते तसा खोका उत्तम, कारण त्यात पाणी लवकर तापत नाही. स्वच्छ धुऊन आतून काळे जाड प्लास्टिक लावावे. सुमारे ६० × ४५ सेंमी आणि १५ सेंमी खोल खोक्यात ३० लिटर द्रावण मावते, त्यावर २० सेंमी अंतराने सहा रोपे बसतात. झाकणाला ५ सेंमीची भोके पाडून त्यांत जाळीचे कप घट्ट बसवावेत. फट राहिली तर दोन गोष्टी आत जातात : उजेड, ज्याने शेवाळ धरते; आणि डास. साठलेल्या पाण्यात अळ्या झाल्या तर सॅलड राहील बाजूला, घरात डेंगी येईल.

दिव्यासाठी चार फुटी, २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या पुरतात. चार फुटी फळीला तीन लावाव्यात. दोनवर रोप जगते, पण उंच, लुळे होते. पानांपासून १५ ते २० सेंमी वर, रोज १४ ते १६ तास. तीन पट्ट्या १५ तास चालल्या तर दिवसाला ०.९ युनिट वीज लागते.

खत. ठिबकसाठी लागणारी विद्राव्य खते कृषी सेवा केंद्रात मिळतात. त्यांच्या नावातले आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. १० लिटर पाण्याला : कॅल्शियम नायट्रेट ५ ग्रॅम, १३:००:४५ हे खत ३ ग्रॅम, ००:५२:३४ हे दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३ ग्रॅम, चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारे, लोह (१२ टक्के) ०.२ ग्रॅम, शिवाय जलशेतीचे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण पाकिटावरील प्रमाणात. त्यात लोह पुरेसे असेल तर वेगळे घालू नये. पिकांवर फवारायचे मिश्रण इथे वापरू नये, त्यात लोहापेक्षा जस्त जास्त असू शकते. १९:१९:१९ एकट्यावर भागत नाही : त्यात कॅल्शियम नसते आणि बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवून शेवटी घालावे. घट्ट द्रावणात ते सल्फेट-फॉस्फेटशी एकत्र आले तर पांढरा साका खाली बसतो. तो साका म्हणजे रोपाला न मिळालेले खत. ०.२ ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळत नाही. त्यासाठी गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा काटा हवा. नाहीतर २० ग्रॅम लोह एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले १० मिली घ्यावे.

द्रावणाची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) १.२ ते १.५ मिलिसीमेन्स प्रति सेंमी आणि पीएच (आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५ असावा. बोअरच्या पाण्याची मुळातच ईसी ०.५ च्या वर असेल तर त्यात आरओचे पाणी मिसळावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवावे. पीएच उतरवायला फॉस्फोरिक आम्लाचे थेंब वापरतात. लिंबू पिळले तर सूक्ष्मजीव सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा चढतो.

लागवड. ग्रँड रॅपिड्स, लोलो रोसो, बटरहेड किंवा रोमेन घ्यावे. गड्डा धरणाऱ्या आइसबर्गच्या नादी पहिल्या वेळी लागू नये. बी पेरायचे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन-तीन पाण्यांनी धुवावे, त्यात मीठ असते. बी वरच पेरून नावाला झाकावे, खोल गेले तर उगवत नाही. खोलीचे तापमान ३० अंशांकडे गेले तरी बी झोपून राहते. तेव्हा ओल्या कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवावे. कोंब दिसला की लगेच दिव्याखाली. खरे पान आल्यावर अर्ध्या ताकदीचे खत, आणि तीन-चार पाने झाल्यावर, म्हणजे सुमारे अडीच आठवड्यांत, रोप कपात. पहिल्या दिवशी कपाचा तळ एक सेंटिमीटर बुडालेला असावा.

बिघाड. कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर लोक आणखी कॅल्शियम घालतात. बहुतेक वेळा पाण्यात ते पुरेसे असते, पण कोंदट दमट हवेत पानातून बाष्प उडत नाही आणि कॅल्शियम शेंड्यापर्यंत चढत नाही. पावसाळ्यात हे हमखास होते. उपाय म्हणजे छोटा पंखा. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे किंवा पीएच चढला आहे. मावा पानांच्या पाठीमागे बसतो. पाला कच्चा खायचा असल्याने औषध न मारता पाण्याच्या धारेने धुऊन काढावा.

काढणी. कपात लावल्यापासून ३० ते ३५ दिवसांत पीक तयार होते. बाहेरची पाने खुडून मधला शेंडा राखला तर आणखी दोन-तीन तोडे मिळतात. पुढच्या पिकाआधी खोका ब्लीचच्या पातळ पाण्याने घासून, धुऊन वाळवावा आणि उरलेले द्रावण कुंड्यांना घालावे. मूळकूज झाली असेल तर मात्र तेही टाकून द्यावे.