80 डीडी आणि 80 यू : वजावट मागायची कोणाच्या नावावर?

जानेवारी उजाडला की मुंबईतल्या कार्यालयांत करबचतीचे पुरावे जमा करण्याची घाई सुरू होते आणि दिव्यांग मुलांचे पालक फिजिओथेरपीच्या पावत्यांचा रबर लावलेला गठ्ठा घेऊन विचारू लागतात, “या पावत्या पाऊण लाखाच्या भरत नाहीत हो, वजावट मिळेल ना?” खरे तर त्याआधी वजावट कोणाच्या नावावर मागायची, हे ठरवायला हवे.

1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 80 यू हे स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्यासाठी आहे. कलम 80 डीडी मात्र ज्याच्यावर दिव्यांग जोडीदार, मूल, आई-वडील किंवा भावंड पूर्णतः वा मुख्यत्वे अवलंबून आहे, अशा करदात्यासाठी आहे. दोन्हींत किमान 40 टक्के दिव्यांगत्वाला 75,000 रुपये आणि 80 टक्के वा त्याहून अधिक असल्यास 1,25,000 रुपये अशीच वजावट मिळते, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही तेच लागते, म्हणून गल्लत होते. ही रक्कम करातून नव्हे, करपात्र उत्पन्नातून वजा होते. जुन्या करप्रणालीत 20 टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाचे 75,000 रुपयांमागे उपकरासह 15,600 रुपये वाचतात.

80 यूला खर्चाची अट नाही. 80 डीडीसाठी उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण वा पुनर्वसनावर खर्च झालेला असावा लागतो, किंवा त्या व्यक्तीच्या निर्वाहासाठी ठरावीक विमा योजनेत पैसे भरलेले असावे लागतात. मात्र वजावटीची रक्कम ठरलेली असल्याने पावत्यांची बेरीज कमी भरली म्हणून ती घटत नाही. या विमा योजनांचा लाभ पूर्वी पैसे भरणाऱ्या पालकाच्या मृत्यूनंतरच मुलाला मिळत असे. ही अट मला नेहमीच निष्ठुर वाटत आली. 2022 च्या वित्त कायद्याने ती सैल केली आणि पालकाने वयाची साठी गाठून हप्ते थांबवल्यावर, त्याच्या हयातीतही मुलाला पैसे मिळण्याची वाट मोकळी झाली.

मूल कमावते झाले की खरी अडचण येते. समजा, मुलुंडच्या एका अल्पदृष्टी असलेल्या मुलाला फोर्टमध्ये नोकरी लागली आणि त्याने आपल्या विवरणपत्रात 80 यू घेतले, तर त्याच वर्षी त्याच्या वडिलांना त्याच्यासाठी 80 डीडी मागता येत नाही. दरवर्षीच्या सवयीने वडिलांनी ते भरले, तर तो दावा चुकीचा ठरतो. म्हणून पहिल्या पगाराच्या वर्षी बापलेकांनी एकत्र बसून विवरणपत्रे भरावीत.

मुलाचे सारे करण्यासाठी नोकरी सोडलेल्या आईला मात्र यातले काहीच मिळत नाही, कारण उत्पन्नच नसेल तर वजावट कशातून होणार? सवलत घरातल्या कमावत्याच्या नावावर जमा होते आणि रात्री तीनदा उठून मुलाची कूस बदलणाऱ्या हातांची नोंद कुठेच होत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रणालींत कर मोजून मगच निवड करावी. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने तिथे कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, पण 2025-26 च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास प्रमाणपत्र फॉर्म 10-आयएमध्ये लागते, आणि ते ठरावीक मुदतीचे असेल तर मुदत संपल्यानंतरच्या वर्षांसाठी नवे घ्यावे लागते.