व्हेंटिलेटर लावल्यावर बीपी का पडतं?

आपण श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि हवेबरोबर शिरांतलं रक्तही छातीकडे ओढलं जातं. व्हेंटिलेटर हवा ढकलतो, त्यामुळे हा दाब उलट चढतो. हृदयातून बाहेर पडणारं रक्त यामुळे घटतं, हे आंद्रे कुर्नाँ आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्येच मोजून दाखवलं.

धमन्यांतला सरासरी दाब ९० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. रक्त हृदयाकडे परत आणणारा शिरांमधला दाब मात्र जेमतेम ७. उजव्या अलिंदात, म्हणजे शिरांतलं रक्त जिथे येतं त्या हृदयाच्या कप्प्यात, २ धरला, तर परतीचा सगळा प्रवास ५ मिमीच्या फरकावर चालतो. आता पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, १० सेंमी पाण्याइतका ठेवला. फुफ्फुसं लवचिक असतील तर त्यातला साधारण निम्मा हृदयाभोवती पोचतो: ५ सेंमी पाणी, म्हणजे ३.७ मिमी पारा. अलिंदातला दाब तेवढाच चढला, तर नुसत्या हिशेबाने फरक १.३ वर यायला हवा. तसं होत नाही, कारण शिरा आवळतात आणि खाली सरकलेला श्वासपटल पोटातलं रक्त वर दाबतो. पण रुग्णाच्या अंगात पाणी कमी असेल, सेप्सिस (संसर्गाने शरीरभर उसळलेली घातक प्रतिक्रिया) असेल किंवा भुलीच्या औषधाने शिरा सैल पडल्या असतील, तर ही सावरासावर तोकडी पडते. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घातल्या-घातल्या बीपी कोसळतं ते म्हणूनच. सलाइन आणि रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं नॉरअॅड्रेनॅलिन आधीच तयार ठेवलेलं बरं.

मूत्रपिंडाला दुहेरी फटका बसतो. धमनीकडून दाब घटतो, आणि शिरेत रक्त तुंबल्याने पलीकडची वाटही अडते. मग लघवी कमी होते. यकृताला बरंचसं रक्त मुळातच कमी दाबाच्या शिरेतून मिळतं, त्यामुळे तिथेही ओढ बसते. डाव्या बाजूने थकलेल्या हृदयाला मात्र हाच दाब हातभार लावतो, हे विसरू नये.

दम्याच्या रुग्णात घात वेगळाच. श्वासनलिका आकसलेल्या, त्यात श्वासांचा वेग मिनिटाला २५ ठेवला, की आधीची हवा बाहेर पडण्याआधी पुढची येते. पीप पडद्यावर ५ दिसतो, आत १५ झालेला असतो! श्वास सोडण्याच्या शेवटी झडप रोखून धरल्यावरच तो उघड होतो. वेग कमी करून बाहेर सोडायला वेळ वाढवणं हा उपाय. बीपी अचानक कोसळलं तर डॉक्टर नळी मशीनपासून काही सेकंद सोडवतात. बीपी चढलं तर कारण कोंडलेली हवा होती. नाही चढलं, तर फुफ्फुस फाटून छातीत हवा साठली आहे का, ते लगेच पाहावं लागतं.